परसातील कोंबड्यांची दादागिरी : नव्याने पाळणाऱ्यांसाठी

नागपुरात बेसा, हुडकेश्वर, मानेवाडा या भागांतील लेआऊटमध्ये घरामागे थोडी मोकळी जागा असली, की पाच-दहा कोंबड्या पाळाव्यात असे अनेकांना वाटते. मी स्वतः काही वर्षांपासून अशाच एका परसात कोंबड्या पाळत असल्यामुळे नवखी मंडळी विचारायला येतात. सुरुवातीला खाद्य आणि लस यांविषयीच प्रश्न असतात. दोन-तीन महिने लोटले की मात्र तक्रार ठरलेली असते, की एक कोंबडी दुसरीला खाऊ देत नाही, टोचून टोचून तिची पाठ उघडी केली आहे, आता काय करावे? बहुतेकांनी तोवर ती टोचणारी कोंबडी विकण्याचे किंवा तिचा रस्सा करण्याचे मनाशी ठरवलेले असते. माझ्या मते हा शेवटचा उपाय आहे, कारण खुराड्यातील, खाद्यातील किंवा हवेतील दोष तसाच राहिला तर आज एक कोंबडी काढल्यावर उद्या दुसरी तेच करू लागते.

कोंबड्यांच्या कळपात उतरंड असतेच. नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ थोरलीफ शेल्डरुप-एब्बे यांनी १९२१ च्या सुमारास कोंबड्यांच्या निरीक्षणातूनच ही गोष्ट पहिल्यांदा नीट मांडली. वरच्या पायरीवरची कोंबडी खालचीच्या मानेवर एक टोच मारते, खालची दोन पावले बाजूला सरते आणि क्षणभराने दोघीही दाणे टिपू लागतात, इतके झाले तर आपण मध्ये पडू नये. उलट ही पायरी एकदा ठरली की रोजची भांडणे कमी होतात. पाठलाग थांबतच नसेल, मार खाणारी कोंबडी दिवसभर दांडीवर किंवा अंडी घालण्याच्या पेटीत दडून बसत असेल, शेपटीच्या मुळाशी पिसे जाऊन कातडी दिसू लागली असेल, तर प्रकरण उतरंडीच्या पलीकडे गेले आहे असे समजावे.

शंका असल्यास संध्याकाळी खुराडे बंद करण्यापूर्वी ती कोंबडी हातात घ्यावी आणि मानेच्या बुडाशी, छातीच्या किंचित उजव्या अंगाला असलेली अन्नाची पिशवी बोटांनी चाचपून पाहावी. दिवसभर नीट खाल्लेल्या कोंबडीची पिशवी त्या वेळी भरलेली आणि टणकसर लागते; ती रिकामी, लोंबती लागली आणि छातीचे मधले हाड बोटाला धारेसारखे टोचले, तर तिला बरेच दिवस पोटभर मिळालेले नाही. कडकनाथ पाळणाऱ्यांनी याबाबत विशेष दक्ष राहावे, कारण काळी पिसे आणि काळी कातडी यांमुळे त्यांच्या जखमा वरून दिसत नाहीत; पिसे उलटी फिरवून पाहावी लागतात. कळपात कोंबडा असेल तर पाठीवरची आणि डोक्यामागची पिसे त्याच्यामुळेही जातात, तेव्हा त्याचे खापर कोंबड्यांवर फोडू नये. एका कोंबड्यामागे आठ-दहा माद्या असाव्यात, आणि लहान परसात दुसरा कोंबडा ठेवूच नये.

टोचाटोचीचे मूळ शोधताना मी पहिल्यांदा खाद्याच्या भांड्यांकडे पाहते. आमच्याकडे गिरिराज जातीची एक कोंबडी दोन कडकनाथ तलंगांना (अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या माद्यांना) सकाळी दाण्याजवळ फिरकू देत नसे, म्हणून भांडी दोन केली, तरी फरक पडेना. एकदा सकाळी बाजूला उभे राहून नीट पाहिले, तेव्हा लक्षात आले की दोन्ही भांडी शेजारी शेजारी असल्याने ती स्वतः न खाता बरोबर मध्ये उभी राहते, आणि कोणतीही तलंग डावीकडून आली काय किंवा उजवीकडून आली काय, मान पुढे काढून तिला हुसकावते. दुसरे भांडे कपडे धुण्याच्या दगडापलीकडे, पहिल्यापासून दिसणार नाही असे ठेवल्यावर तिला एका वेळी एकच भांडे राखता येऊ लागले आणि तलंगा निवांत खाऊ लागल्या. दोन भांडी हवीतच, पण एकीच्या नजरेच्या टप्प्यात दोन्ही येता कामा नयेत, हा नियम पाण्यालाही लागू आहे. परसात मध्ये एखादी फळी आडवी लावणे, उलटी टोपली ठेवणे, कोपऱ्यात दोन बाजूंनी बाहेर पडता येईल असा आडोसा करणे, अशा साध्या गोष्टींनीही पळणारीला सुटका मिळते.

जागेचा हिशेब सोपा आहे. खुराड्यात प्रत्येक कोंबडीला निदान तीन-चार चौरस फूट आणि बाहेर फिरायला आठ-दहा चौरस फूट जागा मिळावी. बसण्याच्या दांडीवर प्रत्येकीसाठी आठ ते दहा इंच लांबी धरावी. दांड्या वेगवेगळ्या उंचीवर असल्या तर सर्वांत वरच्या दांडीसाठी रोज संध्याकाळी झटापट होते, म्हणून त्या एकाच उंचीवर लावाव्यात.

नागपूरच्या उन्हाळ्याविषयी मात्र थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण बाहेरगावच्या पुस्तकी सल्ल्यात तो बसत नाही. मे महिन्यात येथे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात. चोच उघडी ठेवून धापा टाकणे आणि पंख अंगापासून दूर धरणे यांवरच मुख्यतः तिला स्वतःला थंड ठेवावे लागते. अशा वेळी ती खाते कमी आणि पाणी कितीतरी जास्त पिते, त्यामुळे सावलीतले एकमेव पाण्याचे भांडे हीच भांडणाची जागा होते, आणि दुबळ्या कोंबडीला तेथून हुसकावले गेले तर मारापेक्षा तहानेनेच ती दगावण्याचा धोका अधिक असतो. एप्रिलपासूनच मातीची पसरट भांडी दोन-तीन ठिकाणी, सगळी सावलीत ठेवावीत आणि दुपारी एकदा पाणी बदलावे. पत्र्याचे खुराडे असेल तर वर तणस (भाताचा पेंढा) पसरून ती ओली ठेवावी आणि उन्हाच्या बाजूला हिरवी जाळी बांधावी. खाद्य पहाटे आणि ऊन उतरल्यावरच द्यावे. नवतपा (मेअखेरचे अतिउष्ण नऊ दिवस) सुरू असताना कळपात नव्या कोंबड्या मिसळण्याचा विचारही करू नये.

पावसाळ्यातील कारण वेगळे असते. झड लागली की कोंबड्या दिवसच्या दिवस खुराड्यात कोंडल्या जातात, आणि जमीन उकरण्यात जाणारा वेळ एकमेकींची पिसे उपटण्यात जाऊ लागतो. खाली कोरडे कुटार (पिकाचा भुसा) जाड पसरून त्यात मूठभर गहू टाकावे आणि चवळाई किंवा पालकाची जुडी त्यांच्या डोक्याच्या उंचीवर टांगावी, म्हणजे चोचींना काम मिळते. एका कोपऱ्यात छताखाली कोरडी माती आणि राख ठेवावी. धुळीत लोळायला मिळाले नाही तर उवा वाढतात, आणि अंगाला खाज सुटलेल्या कोंबड्या चिडचिड्या होतात.

खाद्याबाबत आपल्याकडे सर्रास आढळणारी चूक म्हणजे निव्वळ कणकी आणि शिळ्या पोळ्यांवर कोंबड्या पोसणे. अंडी देणाऱ्या कोंबडीच्या खाद्यात १६ ते १८ टक्के प्रथिने लागतात आणि तांदळाच्या कणकीत ती त्याच्या निम्मीच असतात. प्रथिने किंवा मीठ कमी पडले की कोंबड्या एकमेकींची पिसे खाऊ लागतात, कारण पीस हे बहुतांशी प्रथिनच असते. पावसाळ्यानंतर दिवस लहान होऊ लागतात आणि पीसझड सुरू होते, तेव्हा ही गरज आणखी वाढते. शिवाय नव्याने फुटणाऱ्या पिसांच्या दांड्यांत रक्त असल्याने एक टोच बसली तरी रक्त येते. त्या काळात लेअर खाद्यासोबत (अंड्यावरच्या कोंबड्यांच्या तयार खाद्यासोबत) थोडी शेंगदाण्याची ढेप (पेंड), उकडलेले अंडे किंवा बिनमिठाची सुकट द्यावी. ढेपेला बुरशीचा वास येत असेल तर ती फेकून द्यावी. गुरांसाठी आणलेली सरकीची ढेप कोंबड्यांना घालू नये. तिच्यातील गॉसिपॉल हे विषारी द्रव्य त्यांना मानवत नाही.

रक्त दिसले की मात्र क्षणाचाही उशीर करू नये. लाल रंग दिसताच एरवी शांत असणाऱ्या कोंबड्याही तेथेच टोचू लागतात आणि काही तासांत जखम खोल होते, विशेषतः अंडे घातल्यावर गुदद्वाराचा भाग थोडा बाहेर राहिला असेल तर. अशी कोंबडी लगेच वेगळी करावी, जखम मिठाच्या कोमट पाण्याने धुवावी आणि पशुवैद्यकाला विचारून जंतुनाशक लावावे. जांभळ्या रंगाचे जेन्शियन व्हायोलेट लावल्यास लाली झाकली जाते. जखम खोल असल्यास घरगुती उपचारांत वेळ न घालवता जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना किंवा सेमिनरी हिल्स येथील पशुवैद्यकीय महाविद्यालय गाठावे.

जखम नसेल आणि वर सांगितलेले सारे करूनही एकच कोंबडी छळत असेल, तर मार खाणारीला न हलवता छळणारीला वेगळे करावे. चार-पाच दिवस, गरज पडल्यास आठवडाभर, तिला इतरांच्या नजरेआड पिंजऱ्यात ठेवावे. खाणेपिणे मात्र नेहमीचेच द्यावे. दरम्यान उरलेल्या कोंबड्या आपसातील पायऱ्या नव्याने ठरवतात, आणि परत आल्यावर हिला बहुधा खालून सुरुवात करावी लागते. उलट, मार खाणारीलाच दूर ठेवले तर ती परतते तेव्हा कळपाला परकी झालेली असते आणि दुप्पट मार खाते. हा उपाय जवळपास प्रत्येक जण उलटा करतो, कारण दया दुबळीची येते.

नव्या कोंबड्या आणताना बरीच भांडणे टाळता येतात. आठवडी बाजारातून आणलेला पक्षी निदान तीन-चार आठवडे अगदी वेगळा ठेवावा आणि त्याला मानमोडीची, म्हणजे राणीखेतची, लस दिली आहे की नाही याची खात्री करून घ्यावी. त्यानंतर आठवडा-दोन आठवडे जाळीच्या पलीकडून जुन्यांना दिसेल असा ठेवावा आणि मग रात्रीच्या अंधारात दांडीवर नेऊन बसवावा. पहाटे उजाडण्यापूर्वी आपण तेथे हजर असावे, कारण खरी परीक्षा तेव्हाच होते. एकटी कोंबडी कधीही आणू नये, दोन-तीन एकदम आणाव्यात. तलंगा अंगाने जुन्या कोंबड्यांच्या बरोबरीच्या होईपर्यंत मिसळू नयेत. लेअर खाद्यातील जादा कॅल्शियम कोवळ्या तलंगांच्या मूत्रपिंडांना बाधते, म्हणून एकत्र केल्यावर सर्वांना ग्रोवर (वाढत्या पक्ष्यांचे) खाद्य द्यावे आणि अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवावा.

चोच कापण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नये. चोचीच्या टोकापर्यंत नसा असतात, कापल्यावर दुखणे दीर्घकाळ राहते आणि खाणेही अवघड होते. नाकपुडीतून खिळा घालून बसवायचे प्लास्टिकचे चष्मेही मी टाळते. असील जातीच्या माद्या मुळातच झुंजार असतात. त्यांना कडकनाथसारख्या हलक्या कोंबड्यांबरोबर लहान परसात ठेवणे टाळलेलेच बरे. एवढे सगळे करूनही एखादी कोंबडी ऐकतच नसेल, तर ती मोठी वाडी आणि वजनदार कोंबड्या असलेल्या एखाद्या पाळणाऱ्याला द्यावी, आणि देताना तिचा स्वभाव लपवू नये, म्हणजे तो तिला पहिल्या दिवसापासून तलंगांपासून दूर ठेवील.