प्लग बदलण्याआधी त्याचं तोंड बघा: पावसाळ्यात या चुका टाळा

पाऊस लागला की डिचोलीतल्या आमच्या गॅरेजसमोर सकाळी आठ वाजताच दोन-तीन गाड्या ढकलत आणलेल्या असतात. प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य: "प्लग गेलाय, नवा घाला." स्पार्क प्लग म्हणजे इंजिनात ठिणगी पाडून पेट्रोल पेटवणारा भाग. तो स्वस्त, बदलायला पाच मिनिटं, म्हणून आळ त्याच्यावरच येतो. माझा अनुभव वेगळा आहे. गोव्याच्या दमट, खाऱ्या हवेत प्लगपेक्षा त्याच्या डोक्यावरची कॅप, म्हणजे वायर जोडणारं रबरी टोपण, आधी दगा देते.

गेल्या जुलैत एक पायलट, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाला आला. पिवळ्या मडगार्डची गाडी दिवसभर स्टँडवर पावसात उभी असायची. महिन्यात दोन प्लग बदलून झाले होते, आता तिसरा मागत होता. मी आतला प्लग काढला. टोक विटकरी-तपकिरी, म्हणजे इंजिनात जळण अगदी ठीक. प्लग परत लावला, शटर अर्धं खाली ओढून अंधार केला, गाडी चालू ठेवली आणि कॅपवर थोडं पाणी शिंपडलं. कॅपच्या बारीक चिरेतून निळी ठिणगी बाहेर येऊन थेट इंजिनाच्या हेडवर, म्हणजे सिलिंडरच्या धातूच्या माथ्यावर, उडत होती. दोघांनीही ती डोळ्यांनी पाहिली. कॅप काढली तर आतल्या पितळेवर हिरवा कळंक. नवी कॅप लावली, वायरचं काळवंडलेलं टोक अर्धा सेंटिमीटर कापून नवी तार उघडी केली, कॅपच्या तोंडाला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात दिला. प्लग जुनाच ठेवला.

असं का होतं? कॉइल बॅटरीच्या १२ व्होल्टचे दहा-वीस हजार व्होल्ट करते. एवढ्या दाबाची वीज सगळ्यात सोपी वाट शोधते. प्लगच्या फटीतून उडी मारण्यापेक्षा ओल्या, मीठ बसलेल्या रबरावरून पळणं सोपं असेल, तर ती तिकडूनच जाते. मोरजी, मांद्रे, हरमल अशा किनाऱ्यालगतच्या गाड्यांना हा त्रास जास्त. म्हणून पावसाळ्याआधी कॅप आणि वायर बघून घ्या, प्लगचं नंतर पाहू.

प्लग काढून बाहेर स्पार्क दिसला म्हणजे सगळं ठीक, ही दुसरी मोठी चूक. उघड्या हवेत ठिणगी सहज उडते. सिलिंडरात दाबलेल्या हवेत तीच फट ओलांडायला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. कॉइल अशक्त झाली असेल तर बाहेर स्पार्क येतो आणि आत चढावर गाडी मिसिंग मारते, म्हणजे ठिणगी चुकून अडखळते. शिवाय तपासताना प्लग हेडला नीट टेकवलेला हवा. हवेत लोंबकळत ठेवून किक मारली तर विजेला वाट मिळत नाही, तो मार सीडीआय (ठिणगी सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) आणि कॉइलवर बसतो, कधी तुमच्या हातावरही. प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ येत असते, तिच्यापासून ठिणगी लांब ठेवा.

पॉलिश पेपरने प्लग घासू नका, हे मी रोज सांगतो. पेपरचे कण आत अडकतात आणि तसेच सिलिंडरात जातात. तारेच्या ब्रशने पांढऱ्या पोर्सेलिनवर धातूच्या रेघा उठतात, आणि त्याच रेघांवरून वीज निसटते. इरिडियम धातूच्या प्लगच्या सुईसारख्या टोकाला तर ब्रश लावूच नका.

घासण्याआधी प्लग वाचा. फिकट तपकिरी असेल तर चिंता नाही. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा एअर फिल्टर तुंबलेला. तेलकट काळा असेल तर फोर-स्ट्रोकमध्ये रिंग किंवा व्हॉल्व्ह सील बघा, तिथे नवा प्लग आठवडाभरात पुन्हा तसाच होईल. पांढराफटक, फोड आल्यासारखा दिसला तर ताबडतोब थांबा: इंजिन फार तापतंय, किंवा चुकीचा प्लग लागलाय.

चुकीचा प्लग लागतो तो आकड्यांच्या गोंधळामुळे. प्लगचं टोक साधारण ५०० अंशांच्या वर राहिलं तर काजळी आपोआप जळते, ८०० च्या पुढे गेलं तर ठिणगीआधीच मिश्रण पेटतं. या दोन्हींमध्ये ठेवण्यासाठी गरम (उष्णता धरून ठेवणारे) आणि थंड (ती लवकर सोडणारे) असे प्लग असतात. पण एनजीके कंपनीच्या प्लगवरचा आकडा वाढला की प्लग थंड, बॉश कंपनीचा आकडा वाढला की गरम! दुकानात "सातचाच आहे" म्हणून कंपनी बदलून घेऊ नका, तक्त्यात जोडी पाहा. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ इंजेक्शनच्या गाड्यांना क्रमांकात "आर" असलेला, म्हणजे रेझिस्टरचा प्लगच घाला. साध्या प्लगच्या विजेच्या गोंगाटाने ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, गोंधळतो.

इंजिनाप्रमाणे चुकाही बदलतात. जुन्या बुलेटला कॉन्टॅक्ट पॉइंट, म्हणजे ठिणगीच्या क्षणी वीज तोडणारे संपर्क असतात. तिथे प्लगआधी पॉइंटची फट मोजा, ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. हल्लीच्या बऱ्याच स्कूटरच्या प्लगला ०.८ ते ०.९ लागते, म्हणून एकाची फट दुसऱ्याला अंदाजाने देऊ नका, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) वापरा. डीटीएस-आय पल्सरमध्ये दोन प्लग आहेत. एक बदलून दुसरा तसाच सोडलेल्या गाड्या मी खूप पाहिल्या. आणि डिझेलला ठिणगीचा प्लगच नसतो. चोडणच्या फेरीबोटीत किंवा ट्रॉलरमध्ये हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच डिझेल पेटतं. डिझेल पिकअपमध्ये असतो तो हीटर प्लग, गार इंजिन सुरू होण्यापुरता. पळताना गाडी मिसिंग करत असेल तर त्याला बदलून काही होणार नाही.

टू-स्ट्रोकला प्रत्येक फेरीला ठिणगी लागते. मिनिटाला ६००० फेऱ्या म्हणजे सेकंदाला १०० ठिणग्या, फोर-स्ट्रोकच्या गरजेच्या दुप्पट. त्यात पेट्रोलमध्ये ऑईल. त्यामुळे होडीचं आउटबोर्ड (मागे बाहेर बसवलेलं इंजिन) जाळ्याजवळ बराच वेळ मंद चालवलं की प्लग ओला होतो. अंदाजाने ऑईल ओतू नका, इंजिनाच्या पुस्तिकेतलं प्रमाण मापाने घाला, आणि सुटा प्लग व प्लगपाना होडीत कोरड्या डब्यात ठेवा.

एक चूक मात्र खरोखर महाग पडते. ॲल्युमिनियमचं हेड गरम असताना प्लग काढू नका, आटे निघून येतात. नवा प्लग आधी बोटांनीच फिरवा. दोन फेऱ्यांत अडला तर पाना लावू नका, बाहेर काढून पुन्हा सरळ धरा. वॉशर टेकला की पान्याने फक्त अर्धा फेरा. जुना प्लग असेल तर आठवा हिस्साही पुरतो, कारण त्याचा वॉशर आधीच दबलेला असतो.

चवथीआधी (गणेश चतुर्थीआधी) कुळागरात, म्हणजे माडा-पोफळीच्या बागेत, आणि अंगणात गवत काढायला सगळेच ग्रासकटर बाहेर काढतात. वर्षभर पडून राहिलेला तो सुरू होत नाही, मग दोरी ओढून ओढून पेट्रोल ओव्हर होतं. अशा वेळी प्लग काढा, चोकची झडप उघडी ठेवा, यंत्र प्लगचं भोक खाली येईल असं धरून दोरी पाच-सहा वेळा ओढा. आतलं पेट्रोल निघून जाईल. जुनं पेट्रोल ओतून ताजं मिश्रण भरा, प्लग कापडाने पुसून लावा आणि मग दोरी ओढा.