एक्सएमएल लेखातले तक्ते आणि आकृत्या योग्य जागी कशा बसवायच्या

जॅट्समधल्या (संशोधन लेखांसाठीच्या ठरलेल्या एक्सएमएल टॅगांच्या पद्धतीतल्या) बऱ्याच लेखांत सगळे तक्ते आणि आकृत्या शेवटच्या ‘फ्लोट्स-ग्रुप’मध्ये एकत्र ठेवलेल्या असतात; मजकुरात असतो तो फक्त उल्लेख. मग सल्ला मिळतो की वेबपानावरही त्या शेवटीच राहू द्या, लिंक दिली की झालं. हे मला अजिबात पटत नाही. आमच्या विदर्भात कृषी महाविद्यालयातला पोरगा किंवा गावातला कास्तकार असा लेख मोबाइलवर वाचतो. तक्त्यासाठी तळाशी जाऊन परत येईपर्यंत वाक्य हातचं सुटतं, आणि पुढच्या वेळी तो तक्ता उघडतच नाही. ज्या आकड्यांसाठी लेख लिहिला, तेच न वाचता राहतात.

एक्सएमएलचं वेबपान करायला एक्सएसएलटी ही भाषा लागते. तिची २.० आवृत्ती घ्या आणि ती चालवायला सॅक्सन हा प्रोग्रॅम वापरा. एक्सएसएलटीप्रॉक या दुसऱ्या प्रोग्रॅमला फक्त १.० कळतं, त्यात हे जमतं, पण फार वळसे घ्यावे लागतात. डीटीडी (टॅगांचे नियम सांगणारी फाइल) डिस्कवर उतरवून कॅटलॉगने, म्हणजे नेटच्या पत्त्याऐवजी डिस्कवरची जागा सांगणाऱ्या फाइलने, जोडून ठेवा. नाहीतर पार्सर (एक्सएमएल वाचणारा भाग) ती नेटवर शोधत बसतो, आणि खेड्यात लाइन गेली की नेटचाही भरवसा नसतो.

एक्सएसएलटीत कोणता टॅग कसा छापायचा ते टेम्प्लेट सांगतं, आणि एकाच टॅगला वेगवेगळ्या मोडमध्ये वेगळं टेम्प्लेट देता येतं. आता नेहमीच्या मोडमध्ये ‘फिग’ (आकृतीचा टॅग) आणि ‘टेबल-रॅप’ (तक्त्याचा टॅग) यांना रिकामं टेम्प्लेट द्या, म्हणजे त्या आपल्या मूळ जागी छापल्या जाणार नाहीत. प्रत्यक्ष छपाईसाठी वेगळा मोड करा. त्याला ‘जागा’ असं देवनागरी नाव दिलं तरी चालतं.

खरा पेच पहिल्या उल्लेखाचा आहे. मी सगळ्यात जास्त अडकलो ते इथेच.

पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यावरचा एक लेख डोळ्यांसमोर आणा. सारांशात तक्ता १ चा उल्लेख आहे. तक्ता २ चा पहिला उल्लेख विहिरींच्या पाण्याच्या नमुन्यांची जी यादी आहे, तिच्या दुसऱ्या मुद्द्यात आहे. आणि एका आकृतीच्या मथळ्यात ‘तपशील तक्ता ३ मध्ये’ असं लिहिलं आहे. सर्रास सांगितला जाणारा उपाय असा: प्रत्येक ‘एक्सरेफ’वर (उल्लेखाच्या टॅगवर) ‘प्रिसीडिंग’ अक्षाने मागे बघा, तोच आयडी आधी आला नसेल तर तिथेच तक्ता छापा. हा उपाय वापरू नका. सारांशातला उल्लेख पहिला धरला जातो आणि तक्ता १ सारांशातच जाऊन बसतो. तक्ता २ यादीच्या मधोमध, परिच्छेदाच्या आत घुसतो. एचटीएमएलमध्ये परिच्छेदाच्या आत तक्ता चालत नाही. ब्राउझर तिथेच परिच्छेद बंद करतो आणि उरलेलं अर्धं वाक्य तक्त्याखाली सुटं पडतं. शिवाय दर उल्लेखाला मागचा सगळा मजकूर चाळला जातो, त्यामुळे मोठा लेख रखडतो तो वेगळाच.

त्याऐवजी एक ‘की’, म्हणजे आयडीवरून उल्लेख शोधून देणारी सूची, बांधा. तिच्यात फक्त ‘बॉडी’मधले (लेखाच्या मुख्य मजकुरातले) ‘एक्सरेफ’ घ्या, आणि त्यातूनही ज्यांच्या पूर्वजांत (ज्यांच्या आत ते बसलेत त्या टॅगांत) ‘फिग’ किंवा ‘टेबल-रॅप’ आहे ते वगळा. सारांश आणि मथळे दोन्ही तिथेच गळतात. की ‘आरआयडी’वर (उल्लेख कोणत्या आयडीचा ते सांगणाऱ्या गुणधर्मावर) लावा, पण ती किंमत ‘टोकनाइझ’ करून, म्हणजे सुटे तुकडे करून, कारण एका ‘आरआयडी’त जागा सोडून अनेक आयडी असू शकतात. की मूळ क्रमानेच नोड (इथे ‘एक्सरेफ’) परत देते, म्हणून तिचा पहिला नोड हाच पहिला उल्लेख.

त्या उल्लेखापासून वर चढा. ज्याचा थेट पालक ‘सेक’ (विभागाचा टॅग) किंवा ‘बॉडी’ आहे, असा सगळ्यात जवळचा पूर्वज गाठा. हा तुमचा ठोकळा: कधी परिच्छेद, कधी अख्खी यादी. ठोकळा पूर्ण छापून झाला की मगच ‘जागा’ मोडमध्ये तक्ता छापा. तक्ता २ यादी संपल्यावर येईल, यादी तुटणार नाही. एकाच ठोकळ्यात दोन-तीन उल्लेख असतील तर मूळ फाइलमधला क्रम ठेवा. लेखकाने वाक्यात आकृती ३ आधी लिहिली म्हणून ती आकृती २ च्या वर चढवू नका.

‘आकृती २ ते ४’ असं लिहिलेलं असतं तेव्हा टॅग बहुधा २ आणि ४ लाच असतो, ३ अनाथ राहते. याचा बंदोबस्त स्टाइलशीटमध्ये (एक्सएसएलटीच्या फाइलमध्ये) करायला जाऊ नका, एक्सएमएलच दुरुस्त करा: ‘आरआयडी’त तिन्ही आयडी घाला.

उल्लेखच नसलेल्या, किंवा वरच्या तक्ता ३ सारख्या फक्त मथळ्यात उल्लेख असलेल्या गोष्टी ‘बॉडी’च्या शेवटी छापा आणि ‘मेसेज’ने (स्टाइलशीट चालवताना दिसणाऱ्या सूचनेने) त्यांचा आयडी दाखवा. नाहीतर रिकाम्या टेम्प्लेटमुळे त्या गुपचूप गायब होतात, आणि संशोधकाने वर्षभर राबून गोळा केलेला तक्ता असा हरवणं मला मान्य नाही.

शेवटी मूळ फाइलमधले ‘फिग’ आणि ‘टेबल-रॅप’ मोजा, तयार पानातले मोजा. आकडा जुळला आणि कोणताही आयडी दोनदा आला नाही, की फाइल पाठवा.