आईच्या सीए १५-३ ची वही

आईचा स्तनाचा कर्करोग हाडांत पसरलाय. निफाडहून नाशिकला नेताना फाईल पिशवीत असते, पण डॉक्टरांपुढे मी आधी शंभर पानी वही उघडतो. तिच्यात सीए १५-३ चे आकडे आहेत; हा ट्यूमर मार्कर, म्हणजे कर्करोगाची चाल बघायला रक्तात मोजतात तो पदार्थ. तुमच्या घरीही कुणाचे असे उपचार चालू असतील, तर अशी वही आजच घाला.

एका ओळीत तारीख, लॅब, आकडा, त्या लॅबची नॉर्मल मर्यादा आणि त्या दिवसांत काय चालू होतं ते लिहा: केमो, नवी गोळी, ताप. हा शेवटचा रकाना कधीच सोडू नका. नवं औषध सुरू झाल्यावर पहिले ४ ते ६ आठवडे औषध लागू पडत असतानाही सीए १५-३ वाढू शकतो. यकृताचा आजार किंवा बी-१२ ची कमतरता असली तरी वाढतो. केसांसाठी बायोटिनची गोळी चालू असेल तर रक्त देण्याआधीच सांगा, काही मशीनवर त्याने आकडा चुकतो.

लॅब बदलू नका. गेल्या दिवाळीत गर्दी टाळायला मी दुसरीकडे रक्त दिलं आणि २८ चे ३७ झाले. नाशिकच्या द्वारका सिग्नलला आईने विचारलं, "वाढलंय का रे?" मला उत्तर देता आलं नाही. डॉक्टरांनी जुन्याच लॅबमधून परत करायला लावलं, २९ आलं. दोन पद्धतींचे आकडे एकमेकांशी लावायचे नसतात, हे तेव्हा कळलं. तोवर आई चार दिवस नीट जेवली नव्हती.

सीबीसी या रक्ततपासणीतल्या न्यूट्रोफिलला लिम्फोसाइटने (दोन्ही पांढऱ्या पेशी) भागून काही जण भविष्य काढतात. ६० आणि ३० असतील तर २. हे गुणोत्तर जास्त असलेल्यांचं पुढे तुलनेने वाईट होतं, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय, पण ते शेकडो रुग्णांचं मिळून. केमोआधीचं डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड किंवा साधा जंतुसंसर्गही ते वाढवतो. घरी भागाकार करून पेशंटला सांगू नका.

ईआर, पीआर (पेशींतले हार्मोनचे ग्राहक) आणि हर-टू (एक प्रथिन) किती आहेत, हे गाठीच्या तुकड्यावरून कळतं. तो रिपोर्ट फाईलमध्ये सगळ्यात वर लावा, उपचार त्यावर ठरतात.

आणि ज्यांचे सुरुवातीच्या टप्प्यातले उपचार पूर्ण झालेत, त्रास काही नाही, त्यांनी मनाने मार्कर करत बसू नये. त्यांच्यासाठी डॉक्टरांची तपासणी आणि वर्षाची मॅमोग्राफी. लहान गाठ असतानाही मार्कर नॉर्मल येऊ शकतो.

रक्त देण्याआधी डॉक्टरांना एवढं विचारा: "हा वाढला, तर तुम्ही पुढे काय करणार?" आमचे म्हणाले, आधी परत तपासू, मग स्कॅन. तेही मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय, आईला वाचता येईल अशा मोठ्या अक्षरात.