कुत्र्यासाठी स्वस्त मांस कसं निवडायचं: हाडं आणि पाणी वजा करून भाव काढा

कुत्रा घरी आणताना खाण्याचा खर्च कुणी नीट धरत नाही, आणि मग दोन-तीन महिन्यांत लक्षात येतं की हा प्राणी रोज खातो, न चुकता खातो, आणि आपल्या महिन्याच्या बजेटमधला बराच भाग त्याच्या भांड्यात चाललाय. मग आपण स्वस्त काय मिळतं ते शोधायला लागतो. त्यात काही चूक नाही, मी स्वतः कितीतरी वर्षं हेच करतेय, पण सुरुवातीला मी जे स्वस्त समजून आणत होते त्यातलं निम्मं स्वस्त नव्हतंच आणि एकदा तर त्यापायी आमची कुत्री चांगलीच आजारी पडली, ते पुढे सांगतेच. म्हणून हे सगळं क्रमाने लिहितेय.

आधी मांस नेमकं किती लागतं ते काढा

बहुतेक लोकांचा खर्च इथेच वाढतो. कुत्रा म्हणजे मांसाहारी, म्हणून सगळं भांडं मांसानेच भरायचं असं आपण धरून चालतो. पण कुत्रा हजारो वर्षं माणसासोबत राहून बदललाय, २०१३ साली नेचर या विज्ञानाच्या मासिकात आलेल्या एका अभ्यासात लांडगा आणि कुत्रा यांचे जीन्स ताडून पाहिले तेव्हा स्टार्च पचवायची ताकद कुत्र्यात कितीतरी वाढलेली दिसली. म्हणजे नीट शिजवलेला भात, बटाटा, रताळं, ओट्स हे त्याला पचतं.

हिशोब असा. पूर्ण वाढ झालेल्या, नसबंदी झालेल्या, साधारण हालचाल असलेल्या कुत्र्याला दिवसाला अंदाजे १० किलो वजनाला ६०० कॅलरी, २० किलोला १००० ते १०५० आणि ३० किलोला १४०० च्या आसपास लागतात. वजन दुप्पट झालं म्हणून खाणं दुप्पट होत नाही हे लक्षात घ्या. आणि पूर्ण वाढ झालेल्या कुत्र्याच्या खाण्यात १००० कॅलरीमागे कमीत कमी ४५ ग्रॅम प्रोटीन हवं असं पेट फूडचं अमेरिकन स्टँडर्ड सांगतं. आता २०० ग्रॅम शिजलेल्या, चरबी काढलेल्या चिकनमध्ये ५० ग्रॅमच्या वर प्रोटीन असतं! त्यामुळे २० किलोच्या कुत्र्याला २०० ते ३०० ग्रॅम शिजलेलं मांस, ३०० ग्रॅमच्या आसपास मऊ भात, मूठभर शिजलेला भोपळा किंवा गाजर आणि चमचाभर तेल एवढ्यात दिवस भागतो. त्याच्या वर मांस घातलंत तर ते जास्तीचं प्रोटीन शरीर नुसतं जाळून टाकतं, म्हणजे भाताने जे काम झालं असतं त्यासाठी तुम्ही मांसाचे पैसे मोजले. पिल्लं, गाभण किंवा दूध पाजणारी कुत्री यांचं गणित वेगळं आहे, त्यांना हे प्रमाण लावू नका.

मग खरा भाव काढा

दुकानात पाटीवर लिहिलेला भाव हा किलोचा असतो, त्यात हाड, कातडी, चरबी, पाणी सगळं आलं. कुत्र्याच्या भांड्यात पडतं ते वेगळं. एकदाच करा, पण नक्की करा: प्रत्येक प्रकारचं १ किलो आणा, उकडा, हाडं सोलून काढा, पाणी निथळून द्या आणि उरलेलं मांस काट्यावर ठेवा.

समजायला सोपं पडावं म्हणून बोनलेस चिकनचा भाव १०० धरू, कोंबडीच्या मानांचा ५० आणि पेट्यांचा (कोंबडीच्या पोटातली दाणे दळणारी पिशवी, गिझार्ड) ६०. बोनलेस शिजून ७५० ग्रॅम राहिलं तर शिजलेलं किलोभर पडलं १३३ ला. मानांतून सोलून सोलून ३५० ग्रॅम निघालं, तर ते पडलं १४३ ला! निम्म्या भावाचा माल महाग निघाला, वर तुमचा अर्धा तास सोलण्यात गेला तो वेगळाच. आणि पेटे शिजून ७०० राहिले तर ८६. तुमच्याकडचे भाव आणि वजनं वेगळी येतील, पण एकदा हे आकडे वहीत लिहून ठेवले की दुकानासमोर उभं राहून डोकं खाजवावं लागत नाही. फ्रोझन पाकिटाचं वजन बर्फ वितळल्यावर करा, काही पाकिटांत पाणीच बरंच निघतं.

कुठला भाग घ्यायचा

माझी पहिली पसंती पेटा. लोक घेत नाहीत म्हणून स्वस्त असतो, हाड नाही, चरबी कमी, आणि पेटा म्हणजे तसा स्नायूच, त्यामुळे प्रोटीन भरपूर. शिजायला चिवट आहे, कुकरमध्ये नेहमीच्या चिकनपेक्षा जास्त वेळ लागतो, आणि आतलं पिवळं जाड साल काढलंय ना ते बघून घ्या, कधी कधी आत दाणे-खडे तसेच राहिलेले असतात. छोट्या कुत्र्याला बारीक चिरून द्या कारण हे रबरासारखं असतं आणि घाईने गिळतात.

दिल, म्हणजे हृदय, हे पण स्नायूच, आणि त्यात टॉरिन चांगलं असतं जे कुत्र्याच्या हृदयाच्या कामाला लागतं. कोंबडीचं असो की मोठ्या जनावराचं, वरची पांढरी चरबी कापून टाकली की उत्तम माल.

कलेजी स्वस्त असते आणि कुत्रे तिच्यासाठी वेडे होतात, म्हणून लोक रोज वाटीभर घालतात. हे करू नका हो. कलेजीत व्हिटॅमिन ए इतकं असतं की महिनोन् महिने भरपूर दिलं तर ते शरीरात साठून हाडं-सांधे दुखायला लागतात, आणि बकरा, मेंढी, मोठं जनावर यांच्या कलेजीत तांबंही जास्त असतं. रोजच्या एकूण खाण्याच्या ५ टक्क्यांच्या आसपास ठेवा, म्हणजे २० किलोच्या कुत्र्याला आठवड्याला १५० ते २०० ग्रॅम, दोन-तीनदा विभागून. एवढी मात्र जरूर द्या, लोह आणि बी व्हिटॅमिन इतक्या स्वस्तात दुसरीकडे मिळत नाहीत.

वजडी चालते, पण पुन्हा पुन्हा धुवायला लागते आणि वास घरभर होतो. फुप्पुसं फार हलकी असतात, कॅलरी कमी, जाड झालेल्या कुत्र्याला पोट भरल्यासारखं वाटायला छान, आणि पातळ काप करून ओव्हनमध्ये वाळवले की विकतच्या ट्रीटपेक्षा कितीतरी स्वस्त पडतात. कोंबडीचे पाय हे जवळजवळ कातडी, कूर्चा आणि हाड, त्यातलं प्रोटीन बहुतेक कोलॅजन असतं जे स्नायूच्या मांसाची जागा घेऊ शकत नाही, त्यामुळे पायांचं सूप भातावर घाला पण आज मांस झालं असं समजू नका.

गळ्याकडचं मांस, खासकरून मोठ्या जनावराचं श्वासनलिकेभोवतीचं, रोज घालू नका. तिथे थायरॉइडची ग्रंथी असते आणि ती मांसाबरोबर आली तर तिचं हार्मोन शिजवूनही जात नाही. १९८४-८५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा आणि आसपासच्या भागात अशा मांसाच्या खिम्यामुळे माणसांनाच थायरॉइडचा त्रास झाला होता, आणि कुत्र्यांमध्येही गळ्याचं मांस सतत खाऊन वजन उतरणं, धाप लागणं, अस्वस्थ होणं हे दिसलेलं आहे.

अंडं विसरू नका. हिशोब केलात तर कित्येकदा अंडं सगळ्या मांसापेक्षा स्वस्त निघतं. उकडून द्या, कच्चं पांढरं रोज नको कारण ते बायोटिन हे बी व्हिटॅमिन अडवतं. कवच फेकू नका, त्याचं काम पुढे आहे.

चरबीची छाट फुकट मिळाली तरी नको

आता ते आजारपण. एका दुकानात मांस साफ करून उरलेली छाट जवळजवळ फुकट मिळत होती, मी खूश होऊन मोठी पिशवीभर आणली. पांढरी चरबी होती, थोडं मांस चिकटलेलं, उकडल्यावर वर तेलाचा जाड थर आला तोसुद्धा मी भातात कालवला, म्हटलं थंडीत अंगाला लागेल. दुसऱ्या दिवशी दुपारी कुत्री कोपऱ्यात पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर ठेवून उभी होती, आळस देताना करतात तशी, पण आळस संपेचना. तशीच उभी. मग उलट्या सुरू झाल्या. पॅनक्रियाला, म्हणजे स्वादुपिंडाला, सूज आली होती, चार दिवस सलाईन लावावं लागलं, आणि त्या बिलात वर्षभराचं चांगलं मांस आलं असतं. ती पोझ लक्षात ठेवा, कुत्रा पोट दुखतंय हे त्याच्या परीने सांगत असतो, वाट बघू नका, थेट डॉक्टरकडे न्या. तेव्हापासून मी चिकनची कातडी काढते, आणि उकडलेलं पाणी गार करून फ्रीजमध्ये ठेवते, वर चरबी गोठली की चमच्याने उचलून टाकते आणि खालचं पाणी भाताला वापरते.

ताजं आहे ना ते बघा

स्वस्त भाग आणि खराब माल यात फरक आहे. बोटाने दाबून बघा, मांस परत वर आलं पाहिजे. हाताला बुळबुळीत चिकट लागलं, आंबट वास आला, कडेला हिरवट झालं असेल तर सोडून द्या, ‘कुत्र्यालाच तर घालायचंय’ म्हणून कुणी तसला माल पिशवीत टाकत असेल तर तिथून निघा. कलेजीवर एखादा हिरवा डाग असतो तो पित्ताचा, तेवढा कापला की झालं. पण कलेजी किंवा फुप्पुसात पाण्याने भरलेले पांढरे फोड दिसले तर ते अजिबात घेऊ नका, ते हायडॅटिडचे, म्हणजे फीतकृमीच्या अळ्यांचे, असू शकतात, कच्चं खाल्लं तर कुत्र्याच्या पोटात फीतकृमी होतो आणि त्याची अंडी कुत्र्याकडून घरातल्या माणसांपर्यंत येतात. फ्रोझन पाकिटात तळाला लाल बर्फाचा थर असेल तर ते मध्ये कधीतरी वितळून पुन्हा गोठलंय. मेलेल्या जनावराचं मांस कितीही स्वस्त असो, नको, ते कशाने मेलं आणि त्याला कुठली औषधं टोचली होती हे तुम्हाला कोण सांगणार? सॉसेज, हॅम, मसाला लावलेलं चिकन हे पण नको, मीठ जास्त आणि कांदा-लसूण दोन्ही कुत्र्याच्या लाल पेशी फोडतात.

शिजवा, आणि हाडं काढा

कच्चं घालावं का यावर लोक हिरिरीने वाद घालतात, माझं मत स्पष्ट आहे, स्वस्त मांस घेताय तर शिजवाच. साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर या बॅक्टेरियांचा कुत्र्याला त्रास झाला नाही तरी ते भांड्यावरून, त्याच्या जिभेवरून घरातल्या लहान मुलापर्यंत जातात. कच्च्या डुकराच्या मांसातून ऑजेस्की नावाचा रोग होऊ शकतो आणि तो कुत्र्याला झाला की कुत्रा वाचत नाही. फ्रीझरमध्ये ठेवल्याने बॅक्टेरिया मरत नाहीत, नुसते थांबतात. आतपर्यंत ७४ अंश झालं की पुरे, मीठ-मसाला काही नको. शिजलेलं हाड मात्र एकही देऊ नका, ते सुईसारखं फुटतं, म्हणून मांस हाताने कुस्करत कुस्करत हाडं शोधा, मानेची छोटी हाडं डोळ्याला दिसत नाहीत पण बोटाला लागतात.

हाडं काढली म्हणजे कॅल्शियम गेलं. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाहीच, आणि महिनोन् महिने असं चाललं की शरीर हाडांतून कॅल्शियम काढायला लागतं. म्हणून ती अंड्याची कवचं धुवून, उकळून, वाळवून मिक्सरमध्ये पिठासारखी बारीक करा. चहाच्या चमचाभर पुडीत साधारण २ ग्रॅम कॅल्शियम असतं, २० किलोच्या पूर्ण वाढ झालेल्या कुत्र्याला रोज अर्ध्या चमच्यापेक्षा थोडी जास्त पूड लागते. पिल्लांना अंदाजाने घालू नका, मोठ्या जातीच्या पिल्लांना कॅल्शियम जास्त झालं तरी हाडं बिघडतात.

एवढं करूनही झिंक, आयोडीन, व्हिटॅमिन डी आणि ई कमी पडू शकतं. २०१३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या लोकांनी घरगुती डॉग फूडच्या २०० रेसिपी तपासल्या आणि ९५ टक्क्यांत निदान एक तरी गोष्ट कमी निघाली. म्हणून घरचंच खाणं कायमचं चालवणार असाल तर एकदा व्हेटला सगळी यादी दाखवून सप्लिमेंट ठरवून घ्या, किंवा मग निम्मं चांगलं तयार फूड आणि निम्मं घरचं असं करा, मी हेच करते.

साठवणं आणि नवीन मांस सुरू करणं

स्वस्त मिळालं की एकदम जास्त आणा, पण त्याच दिवशी शिजवून रोजच्या मापाच्या पिशव्या करून फ्रीझरमध्ये टाका, वर तारीख लिहा. शिजलेलं फ्रीजमध्ये ३-४ दिवसच टिकतं. पिशवी आदल्या रात्री फ्रीझरमधून खाली फ्रीजमध्ये उतरवून ठेवायची, ओट्यावर दिवसभर वितळत ठेवायची नाही.

आणि काल चिकन, आज वजडी, उद्या फुप्पुस असं एकदम बदलू नका. ७ ते १० दिवसांत थोडं थोडं वाढवा, पहिले दोन दिवस जुन्यात फक्त पाव भाग नवीन. एका वेळी एकच नवीन प्रकार, म्हणजे कान खाजवायला लागला किंवा जुलाब झाले तर कशामुळे ते कळेल, चिकन आणि बीफची ॲलर्जी कुत्र्यांत बऱ्यापैकी दिसते. शी रोज बघा, घट्ट पण ओलसर हवी. ढिली झाली तर मागच्या प्रमाणावर या आणि दोन दिवस थांबा. महिन्यातून एकदा वजन करा आणि बरगड्यांवरून हात फिरवा, हलकं दाबल्यावर बरगड्या लागल्या पाहिजेत. लागत नसतील तर आधी भात कमी करा, मांस तेवढंच राहू द्या.