छत कापण्याआधी: जुनी स्पोर्ट्स कार उघडी करताना या चुका टाळा

कोल्हापुरात लोखंडाला कुणी बिचकत नाही. उद्यमनगरात ऑइल इंजिनं घडली, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत आजही गाड्यांचे भाग ओतले जातात. म्हणून जुन्या स्पोर्ट्स कारचं छत काढून ती उघडी करायचं म्हटलं की चांगला मिस्त्रीसुद्धा "त्यात काय एवढं?" म्हणून ग्राइंडर उचलतो. कापणं खरंच सोपं आहे. दारं लागेनाशी होतात, काच तडकते, खड्ड्यातून गेल्यावर सगळी गाडी शहारते, ते सगळं नंतर सुरू होतं.

छत म्हणजे झाकण, हा समज

दसऱ्याला दसरा चौकात येणारी छत्रपती घराण्याची मेबॅक उघडी चालते, मग आपली का नाही, असं विचारणारे हमखास भेटतात. त्या जमान्यात अशा गाड्यांची चॅसी, म्हणजे खालची लोखंडी चौकट, वेगळी असायची आणि बॉडी दुसरे कारागीर वर चढवायचे. भार सगळा खाली, चॅसीवर. मद्रासला बनलेली स्टँडर्ड हेराल्डही त्याच जातीची. तिचं छत बोल्ट काढून उचलता येतं.

जग्वार एक्सजे-एस, पोर्शे ९११, डॅटसन २४०झेड किंवा आपली पद्मिनी यांची गोष्ट निराळी. यांना वेगळी चॅसी नाही. फरशी, दाराखालच्या सिल, खांब आणि छत मिळूनच सांगाडा होतो. छत काढलं की गाडी वाकते थोडी, पण पिळते फार. एक चाक खड्ड्यात गेलं की पुढचा भाग एका अंगाला आणि मागचा दुसऱ्या अंगाला वळायला बघतो.

हे काम किती अवघड आहे ते जग्वारकडूनच कळतं. एक्सजे-एस १९७५ मध्ये बंद कूपे, म्हणजे पक्क्या छताची दोन दारी गाडी, म्हणून आली. १९८३ मध्ये उघडी म्हणून आणली, तर दारांवरचे दांडे आणि मधली आडवी पट्टी तशीच ठेवावी लागली. पूर्ण उघडी गाडी कंपनीनं १९८८ मध्ये विकायला काढली. ट्रायम्फ स्टॅगच्या डोक्यावरचा इंग्रजी टीच्या आकाराचा दांडाही काही शोभेसाठी नव्हता.

कागद शेवटी बघू

इथं घाई केली तर गाडी दारातच उभी राहील. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, कंपनीनं मूळ दिलेल्या आणि आरसीवर असलेल्या तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच स्पष्ट केलं: रंग बदला, किरकोळ फिटिंग करा, पण मूळ रचनेला हात लावू नका. कलम १८२अ खाली मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. "ओळखीचा एजंट आहे" हे यावरचं उत्तर नव्हे.

त्यात २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांवरच्या गाड्यांना 'व्हीए' मालिकेचा व्हिंटेज क्रमांक मिळू लागला, पण चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसेल तरच. म्हणजे छत कापलं की तोही गेला. किमतीचंही तसंच. फेरारी डेटोनाच्या कारखान्यातून उघड्या निघालेल्या गाड्या जेमतेम सव्वाशेच्या आसपास. नंतर अनेकांनी कूपे कापून तशा केल्या, आणि त्यांना आजही अस्सल उघड्या गाडीचा भाव येत नाही.

माझं स्पष्ट मत: गाडी मूळची धडधाकट बंद कूपे असेल तर कापू नका. कंपनीतूनच उघडी आलेली गाडी शोधा. पुढचं सगळं त्यांच्यासाठी, ज्यांच्या हाती आधीच कुणीतरी कापलेली गाडी आली आहे, किंवा ज्यांची गाडी खासगी आवारापुरतीच फिरणार आहे.

जाड पत्रा घातला की झालं

ही आपल्याकडची खास चूक, कारण जाड लोखंड आपल्याला सहज मिळतं. सिलच्या खाली सहा मिमीचं चॅनेल (एका बाजूनं उघडी लोखंडी पन्हळ) मारतात, गाडी शंभरेक किलोनं जड होते आणि तरीही दार अडकतंच.

करून बघण्यासारखं आहे. ५० मिमीचा चौकोनी, २ मिमी जाडीचा पाइप व्हाइसमध्ये धरून पान्यानं पिळा. ढिम्म हलणार नाही. आता त्याला लांबीभर एक चीर पाडा. वजन तेवढंच, पत्रा तोच, पण पिळाला होणारा विरोध चारशे पटींहून जास्त घटतो. चॅनेल म्हणजे जन्मतःच चिरलेला पाइप. पिळाला विरोध करते ती बंद पेटी. जाडी दुप्पट केली तर ताठपणा दुप्पट होतो. पण जाडी तीच ठेवून चौकोनी पेटीची बाजू दीडपट केली तर ताठपणा सव्वातीन पटींहून वाढतो आणि वजन दीडपटच. म्हणून सिलच्या आत किंवा बाजूला दीड-दोन मिमी पत्र्याची मोठी पेटी करा, ती सगळीकडून बंद करा, आणि पुढच्या व मागच्या खांबाच्या पायाशी नीट जोडा. पेटी उत्तम आणि जोड कच्चा असेल तर उपयोग शून्य. मागच्या सीटमागे आडवी भिंत आणि फरशीवर आडवे पाइपही हवेतच.

बंद पेटीला खालून पाणी निघायला भोकं ठेवा आणि आत मेण फवारा. नाहीतर गगनबावड्याच्या एका पावसाळ्यातच आतून गंज धरेल आणि बाहेरून रंग चकचकीत दिसेल.

कापण्याचा क्रम उलटा

आधी सिल मजबूत करायच्या, छत जागेवर असताना. मग दाराच्या चौकटीत तिरके पाइप टाकून तात्पुरते वेल्ड करायचे, दोन्ही बाजूंचे खांब एकमेकांना आडवे बांधायचे, चौकटीचे दोन्ही कर्ण मोजून लिहून ठेवायचे. त्यानंतरच छत. गाडी टू-पोस्ट लिफ्टवर टांगून हे काम करू नका. मधे उचलल्यावर पुढचं-मागचं टोक खाली लटकतं आणि त्याच बाकात तुम्ही वेल्डिंग करून टाकता. गाडी चाकांवर किंवा सस्पेन्शनखाली स्टँड लावून सपाट फरशीवर ठेवा. वेल्डिंग सीओटूनं (मिग मशीननं), थोडं इकडे, थोडं तिकडे, थंड होऊ देत. गॅसच्या ज्योतीनं सलग ओढलंत तर उष्णतेनंच पत्रा वाकडा होईल.

आधीच बिघडलेल्या गाडीचं निदान

जॅकवर घेतली की दार अडकतं: सिल कमजोर. एक पुढचं चाक उचलून दाराची फट आधी आणि नंतर मोजा. बिजागरी सरकवून फट जुळवणं म्हणजे रोग लपवणं.

आरसा आणि स्टीअरिंग थरथरतं: आधी रस्ता बघा. गुळगुळीत रस्त्यावर ठरावीक वेगालाच थरथर असेल तर बॉडीला दोष देऊ नका, चाकांचं बॅलन्सिंग करा. पन्हाळ्याच्या चढावर तुटक्या डांबरातून जाताना थरथरत असेल तर पुढचा खांब सिलला जिथं मिळतो तो जोड तपासा.

पुढच्या काचेला कोपऱ्यातून चीर: काचेची चौकट हलतेय, किंवा काच बसते त्या कडेवर वेल्डिंगचा दाणा राहिलाय. चौकटीच्या आत पाइप घातल्याशिवाय नवी काच बसवू नका.

दारामागच्या खांबाजवळ लांबी (रंगाखालची पुट्टी) पुन्हा पुन्हा तडकते: खालचा पत्रा हलतोय. पेंटर बदलून काही होणार नाही.

हूड आणि पट्टे

हूडचा, म्हणजे दुमडणाऱ्या कापडी छताचा, सांगाडा स्वतः वाकवून करण्यापेक्षा एखाद्या उघड्या गाडीचा अख्खा सांगाडा आणून बसवा. दुमडताना कुठला दांडा कुठं जातो, हे गणित चुकायला फार सोपं आहे. ताडपत्री स्वस्त, पण ती फडफडते आणि शिवणीतून गळते. कापड उन्हात गरम करूनच ताणा. दाराच्या काचेची चौकट कापली असेल तर काचेला वरचा आधार उरत नाही, म्हणून आतला रूळ खोल आणि घट्ट हवा, नाहीतर बीडिंग कितीही भारी आणलं तरी पाणी मांडीवर येतं.

सीटबेल्टचं कुणाच्या लक्षातच येत नाही. खांदापट्ट्याचा वरचा बोल्ट खांबावर उंच असतो आणि तो खांब तर आपण छाटलेला. पट्टा थेट मागच्या फरशीला बांधला तर धडकेत तो खांद्याला खाली दाबतो, मणक्यावर. सीटमागे आडवा रोल बार (जाड पाइपाची कमान) टाकून पट्टा खांद्याच्या उंचीवर बांधा. रोल बारचे पाय सिलच्या पेटीवर यावेत, नुसत्या फरशीच्या पत्र्यावर नकोत.