निक्सओएसवर जीटीके थीम बसवताना
निक्सओएस या लिनक्स सिस्टिमवर जीटीकेची (अ‍ॅप्सच्या खिडक्या-बटणं काढणारी लायब्ररी) थीम लावताना थीमचं फोल्डर हाताने कॉपी करत बसू नका; होम मॅनेजरच्या (युजरच्या सेटिंग्ज कॉन्फिग फाइलमधून लावणारं टूल) कॉन्फिगमध्ये लिहा. 'जीटीके.एनेबल' ट्रू करा, 'जीटीके.थीम.पॅकेज'ला आर्क-थीम आणि 'जीटीके.थीम.नेम'ला 'आर्क-डार्क' द्या. हे नाव पॅकेजचं नव्हे, त्यातल्या शेअर/थीम्सखालच्या फोल्डरचं. स्पेलिंगमधलं कॅपिटल अक्षर चुकलं तरी बिल्ड बिनतक्रार होतो, थीम मात्र लागत नाही. बहुतेकांचा वेळ इथेच जातो. मग होम-मॅनेजर स्विच चालवा.

डीकॉन्फची (डेस्कटॉपच्या सेटिंग्ज साठवणारी यंत्रणा) सर्व्हिस सापडत नाही अशी एरर आली, तर सिस्टिम कॉन्फिगमध्ये 'प्रोग्रॅम्स.डीकॉन्फ.एनेबल' ट्रू करून निक्सओएस-रीबिल्ड स्विच करा. जीटीकेची जुनी सेटिंग्ज.आयएनआय फाइल आडवी आली, तर होम-मॅनेजर स्विचला '-बी' पर्याय आणि पुढे बॅकअपचं एक्स्टेन्शन द्या.

लिबअद्वैता या नोम डेस्कटॉपच्या लायब्ररीवर बनलेली अ‍ॅप्स ही थीम सहसा जुमानत नाहीत. त्यांच्यासाठी डीकॉन्फमध्ये कलर-स्कीम 'प्रिफर-डार्क' ठेवा.