ब्रँडेड माल घाऊक घेताना या चुका टाळा

नागपूरच्या इतवारी-गांधीबागेतल्या घाऊक व्यापाराला ओळखीचा आधार असतो. गाळा ठाऊक असतो, माल हाताळून पाहता येतो आणि काही बिनसले तर दुसऱ्या दिवशी त्याच दारात जाऊन उभे राहता येते. नागपुरात घरबसल्या ऑनलाइन विक्री करणारे अनेक तरुण मात्र व्हॉट्सॲपवरचा कॅटलॉग पाहून परराज्यातील पुरवठादाराला पैसे पाठवतात. तिथे होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ एकच आहे. पुरवठादाराने दिलेला पुरावा त्यानेच दिलेल्या फोन नंबरवरून आणि लिंकवरून तपासला जातो.

जीएसटी प्रमाणपत्राचे उदाहरण घ्या. प्रमाणपत्राचा फोटो आला की खात्री पटली, असे अनेकांना वाटते. परंतु खऱ्या, चालू असलेल्या फर्मचे प्रमाणपत्र उचलून स्वतःचे म्हणून पाठवणे ही भामट्यांची नेहमीची पद्धत आहे. जीएसटी क्रमांक १५ अंकाक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्राचे २७, दिल्लीचे ०७) आणि पुढची दहा अंकाक्षरे पॅनची असतात. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर हा क्रमांक टाकला की फर्मचे कायदेशीर नाव, नोंदणीची तारीख, नोंदणी चालू आहे की रद्द झाली आणि विवरणपत्रे भरली जातात की नाही, हे दिसते. त्यापुढची पायरी बहुतेक जण गाळतात: पैसे ज्या खात्यात मागितले आहेत, त्या खात्याचे नाव पोर्टलवरील नावाशी जुळते का? फर्मच्या नावाने बिल आणि पैसे मात्र कोणा व्यक्तीच्या बचत खात्यात किंवा यूपीआयवर मागितले, तर व्यवहार तिथेच थांबवावा. ‘आमचे चालू खाते ऑडिटमध्ये अडकले आहे’ हे कारण कितीही आर्जवाने सांगितले तरी.

अधिकृत वितरक असल्याचे पत्रही याच कसोटीला लावावे. पत्रावरील नंबरवर फोन न करता कंपनीच्या मूळ संकेतस्थळावरील पत्त्यावर ई-मेल करून विचारावे. उत्तर यायला चार दिवस लागतील. पुरवठादार तेवढे थांबायला तयार नसेल, तर त्याची घाई हीच धोक्याची खूण समजावी.

भावाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. नामांकित कंपनीच्या वितरकाचे मार्जिन मर्यादित असते. त्यामुळे ताज्या तारखेचा माल छापील किमतीपेक्षा ७० टक्के कमी दरात मिळत असेल, तर तो नकली, चोरीचा किंवा मुळात अस्तित्वातच नसलेला असण्याची शक्यता मोठी असते. ‘फर्स्ट कॉपी’ म्हणजे तर उघड नकली मालच.

सॅम्पल अस्सल आणि लॉट नकली, हा प्रकार सर्वांत त्रासदायक आहे, कारण सावध माणूसही त्यात सापडतो. सॅम्पलवर समाधान न मानता पहिली ऑर्डर लहान ठेवावी आणि खोकी फोडताना सलग व्हिडिओ काढावा. बॅच क्रमांक, उत्पादनाचा महिना आणि उत्पादकाचा पत्ता खोक्यावर आणि आतील वस्तूवर सारखाच आहे का, हे भिंगाने पाहावे लागले तरी पाहावे. चार्जर किंवा पॉवर बँक असेल, तर त्यावरचा ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकावा; तिथे दिसणारा उत्पादक आणि खोक्यावरचा उत्पादक एकच असला पाहिजे.

‘गाडी सुटली, उरलेले पैसे टाका’ या निरोपासोबत बिल्टीचा, म्हणजे वाहतूकदाराने दिलेल्या मालाच्या पावतीचा, फोटो येतो. तो फोटो पाहून पैसे पाठवू नयेत. वाहतूकदाराच्या नागपूरलगतच्या वाडी येथील किंवा शहरातील कार्यालयात जाऊन बिल्टी क्रमांक विचारावा. ५० हजार रुपयांहून अधिक किमतीचा माल परराज्यातून येत असेल, तर सामान्यतः ई-वे बिल (मालवाहतुकीसाठी जीएसटीखालील ऑनलाइन परवाना) लागते आणि तेही सरकारी पोर्टलवर तपासता येते.

थोडा कर वाचवण्यासाठी कच्चे बिल घेणे ही चूक वरवर लहान दिसते. ऑनलाइन बाजारपेठा शंका आली की खरेदीचे पक्के बिल मागतात आणि ते नसेल तर विक्री बंद होऊन माल अडकतो. शिवाय ट्रेड मार्क्स कायदा, १९९९ प्रमाणे नकली माल विकणाऱ्यास सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. वाजवी खबरदारी घेतल्याचे आणि संशयाला कारण नव्हते हे दाखवून, माल कोणाकडून घेतला याची माहिती देणाऱ्याला हाच कायदा बचावाची संधी देतो. पक्के बिल, बँकेतून केलेला भरणा आणि जपून ठेवलेले संदेश नसतील, तर ती संधी वापरायची कशी?

पैसे गेल्याचे लक्षात येताच पुरवठादाराची समजूत घालण्यात वेळ दवडू नये. त्याच तासात सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनवर आणि आपल्या बँकेला कळवावे, म्हणजे रक्कम पुढच्या खात्यांत जाण्याआधी गोठवता येण्याची शक्यता राहते. त्यानंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर व्यवहाराचा यूटीआर (बँकेने दिलेला व्यवहाराचा ओळख) क्रमांक, खात्याचा तपशील आणि पूर्ण संभाषण जोडून तक्रार नोंदवावी. चॅट डिलीट करू नये आणि ‘दहा टक्के भरा, सगळे पैसे सोडवून देतो’ म्हणणाऱ्या अनोळखी मध्यस्थाला एक रुपयाही देऊ नये.